विकत घेतलेला व्हिडिओ चालत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

पुण्यात नवी पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सवाले. त्यामुळे येणाऱ्यांत निम्मी स्पर्धा परीक्षेची नाहीतर सीएची मुलं असतात, आणि आठवड्याला दोघं-चौघं तरी एकच रड घेऊन येतात: "दादा, कोर्स विकत घेतलाय, लेक्चर लागत नाही." पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "फॉरमॅट मारून द्या ना."

एकदा मी मारूनही दिला. जालन्याकडचा मुलगा, सेकंड हँड लॅपटॉप, क्लासचं अ‍ॅप उघडलं की 'समथिंग वेंट राँग'. दुपारभर बसून विंडोज नवीन टाकलं, अ‍ॅप टाकलं, लेक्चर चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात. या वेळी एकाला दोन तक्रारी झाल्या होत्या. व्हिडिओ पुन्हा बंद होताच, वर अ‍ॅप म्हणत होतं की तुमची डिव्हाइसची मर्यादा संपली. एक फोन आणि एक लॅपटॉप एवढीच त्या कोर्सची परवानगी होती. फॉरमॅटनंतर अ‍ॅपच्या लेखी हा लॅपटॉप नवाच झाला होता आणि जुना त्याच्या नावावर तसाच अडकून राहिला होता. मूळ दुखणं काय होतं? उजव्या कोपऱ्यातली तारीख २०१५ सालातली. बॅटरी कधीच मेलेली, लॅपटॉप चार्जरवर चालायचा आणि आतला बटण सेल संपलेला. पिन काढली की घड्याळ मागे. शंभराच्या आतल्या सेलसाठी मी त्याची दुपार आणि एक डिव्हाइस घालवलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा की संरक्षित व्हिडिओच्या तक्रारीत फॉरमॅट, अ‍ॅप उडवणं आणि 'क्लिअर डेटा' ही तीन कामं अगदी शेवटी, आणि तीही विचारून. बाकी दुरुस्त्यांत या गोष्टी निदान अपाय तरी करत नाहीत. इथे करतात.

कुलूप कुठे असतं

साधा व्हिडिओ म्हणजे उघडी वही. विकत घेतलेला संरक्षित व्हिडिओ म्हणजे कुलूपबंद ट्रंक. ट्रंक तुमच्यापर्यंत येते, पण किल्ली वेगळी येते. तुम्ही प्लेचं बटण दाबलंत की ब्राउझर किंवा अ‍ॅप विक्रेत्याच्या लायसन्स सर्व्हरला विचारतं: हा माणूस, हे यंत्र, हा व्हिडिओ, देऊ का? सर्व्हर 'हो' म्हणाला तर किल्ली येते. ती तुमच्या हातात पडत नाही, यंत्रातल्या एका बंद खोलीत जाते. तिथे कुलूप उघडतं आणि चित्र थेट पडद्याकडे जातं.

या कुलपांचे मोठे कारखाने तीन: गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी आणि अ‍ॅपलचं फेअरप्ले. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड फोन वाइडवाइनवर चालतात, आयफोन आणि सफारी फेअरप्लेवर. विंडोजवरच्या एजला प्लेरेडीही येतं. म्हणून 'मॅकवर क्रोममध्ये चालतं, सफारीत नाही' ही तक्रार दिसते तेवढी विचित्र नाही. विक्रेत्याने फेअरप्लेचं कुलूप बसवलंच नसेल तर सफारी बिचारी काय करणार!

एक जुनं प्रकरण आधीच बाजूला काढतो. ब्राउझरला हे काम बाहेरच्या प्लगिनशिवाय करता यावं म्हणून असलेलं तांत्रिक मानक १८ सप्टेंबर २०१७ रोजी मान्य झालं. त्याआधी फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट या प्लगिनवर काम चालायचं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, सिल्व्हरलाइटचा आधार १२ ऑक्टोबर २०२१ ला. तुमचा जुना कोर्स आजही यांपैकी काही मागत असेल तर तुमच्या लॅपटॉपमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. विक्रेत्याकडे नवी लिंक मागा. नेटवर सापडणारे 'फ्लॅश प्लेअर डाउनलोड' बिलकुल टाकू नका.

आधी नुसतं बघा

हात लावण्याआधी पाच मिनिटं द्या आणि नेमकं काय होतंय ते लिहून काढा. 'चालत नाही' हे वर्णन नव्हे.

प्ले दाबताच लगेच एरर येत असेल तर बहुतेक वेळा किल्लीच मिळालेली नाही. खातं, घड्याळ, नेट किंवा ब्राउझर यांपैकी कुठेतरी गडबड आहे. आवाज व्यवस्थित आणि चित्र काळं असेल तर किल्ली मिळाली आहे, अडलंय ते पडद्याकडच्या वाटेवर. चित्र येतं पण धुरकट, कितीही चांगलं नेट असलं तरी, तर यंत्राच्या विश्वासाची पातळी कमी पडते आहे. आणि गोल गोल फिरतंय, मध्येच थांबतंय, पुन्हा सुरू होतंय? तो बहुतेक साधा नेटचा त्रास. कुलपाला उगीच दोष देऊ नका.

एरर कोडचा दुसऱ्या फोनने फोटो काढा. स्क्रीनशॉट काही अ‍ॅपमध्ये निघतच नाही, निघाला तर काळा निघतो.

मग दोन चाचण्या. पहिली: त्याच खात्याने तोच व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावर लावा. दुसरी: याच यंत्रावर दुसरा कुठला तरी संरक्षित व्हिडिओ लावा. बिटमूव्हिन कंपनीचं डीआरएम (याच कुलपांचं इंग्रजी नाव) चाचणीचं एक मोफत पान आहे. ते उघडलं की तुमच्या ब्राउझरला कोणतं कुलूप चालतं ते सांगतं आणि एक नमुना व्हिडिओ वाजवून दाखवतं. तो वाजला, तुमचं लेक्चर वाजलं नाही, तर लॅपटॉप बहुधा निर्दोष आहे. दोन्ही वाजले नाहीत तर विक्रेत्याला फोन करायची घाई नको, पुढे वाचा. फक्त पहिल्या चाचणीत एक सावधगिरी हवी. डिव्हाइसची मर्यादा असलेल्या कोर्ससाठी मित्राच्या फोनवर सहज म्हणून लॉगिन करू नका, ती जागा त्याच्या फोनच्या नावे जाईल.

खातं आणि मुदत

हे कंटाळवाणं आहे, पण दुकानात आलेल्यांपैकी कितीतरी जण इथेच सुटतात. घरात चार जीमेल असतात. सिनेमा आईच्या खात्यावर घेतलेला, टीव्हीवर लॉगिन मुलाचं. विकत घेतल्याची पावती कोणत्या मेलवर आली आहे ते शोधा आणि तेच खातं उघडा. पूर्वी गूगल प्लेवर घेतलेले सिनेमे आता यूट्यूब आणि गूगल टीव्हीमध्ये सापडतात. जुनं अ‍ॅप शोधत बसू नका.

दुसरं, विकत घेतलंय की भाड्याने? भाड्याच्या सिनेमाला बहुतेक ठिकाणी सुरू करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केल्यावर संपवायला ४८ तास असतात. शुक्रवारी रात्री दहा मिनिटं बघून 'रविवारी रात्री निवांत बघू' म्हटलंत तर गेला. कोर्सचं गणित आणखी वेगळं. कुणाची मुदत महिन्यांत मोजलेली, कुणाचे 'व्ह्यूज' मोजलेले. सीएच्या काही कोर्समध्ये प्रत्येक लेक्चर ठरावीक तासच बघता येतं, मागे-पुढे करत बघितलेलंही त्यात धरलं जातं. मग परीक्षेच्या तोंडावर उजळणीला नेमकं महत्त्वाचं लेक्चर बंद. ही बिघाडाची तक्रार नाही, कराराची आहे. विकत घेतानाच्या अटी उघडून बघा.

घड्याळ

जालन्याच्या मुलामुळे मी हे पहिलं बघतो. किल्लीला मुदत असते, सर्व्हरच्या ओळखपत्रालाही असते. तुमचं यंत्र २०१५ सालात असेल तर आजची ओळखपत्रं त्याच्या दृष्टीने अजून जन्मलेलीच नसतात. क्रोम निदान 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं स्पष्ट सांगतं. अ‍ॅप मात्र मुग्धपणे 'समथिंग वेंट राँग' म्हणतं.

विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा, टाइम झोन भारताचा म्हणजे अधिक ५:३० ठेवा आणि 'सिंक नाऊ' दाबा. टाइम झोन चुकीचा आणि घड्याळ हाताने बरोबर केलेलं, हा प्रकार परदेशातून आलेल्या रिफर्बिश्ड लॅपटॉपमध्ये हमखास दिसतो. वेळ पुण्याची दिसते, पण आतून यंत्र काही तास भलतीकडेच असतं. फोनवर आणि टीव्हीवरही वेळ आपोआप घ्यायला लावा. आणि दर वेळी चार्जर काढला की घड्याळ चुकतंय असं दिसलं तर सेटिंग बदलण्यात अर्थ नाही, सेल बदलायचा. डेस्कटॉपमध्ये हा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल मदरबोर्डवर समोरच दिसतो. पॉवर काढून नखाने निघतो. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायर जोडलेला असतो, तेव्हा घरी खटाटोप नको.

नेट

इथे एकच चाचणी पुरते: अभ्यासिकेचं वायफाय सोडा, फोनचा हॉटस्पॉट लावा, व्हिडिओ पुन्हा लावा. चालला तर दोष वायफायचा. अभ्यासिकांचं नेट पन्नास-साठ जणांत वाटलेलं असतं. काही ठिकाणी मालकाने बरंच काही ब्लॉकही केलेलं असतं, त्यात लायसन्स सर्व्हर अडकतो. व्हीपीएन बंद करा, कारण तुम्ही नवी पेठेत आणि पत्ता सिंगापूरचा असेल तर सर्व्हर नाही म्हणणारच. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसला जाहिराती रोखणारा पत्ता घातला असेल तर तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' करा. वेगाबद्दल म्हणाल तर नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं. लेक्चरला एवढंही लागत नाही.

ब्राउझर: या क्रमाने

क्रम मोडू नका, कारण वरची पावलं काहीच पुसत नाहीत.

इनकॉग्निटो विंडो उघडून त्यात लॉगिन करा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. चालला, तर जाहिराती अडवणारं किंवा व्हिडिओ उतरवून घेणारं एखादं एक्स्टेन्शन आड येतंय. नेहमीच्या विंडोत एकेक बंद करत गुन्हेगार शोधा.

नाही चालला तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्जमध्ये जा. तिथे प्रोटेक्टेड कंटेंटचा पर्याय आहे, त्याला परवानगी द्या. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल विभागात 'प्ले डीआरएम कंट्रोल्ड कंटेंट' असा चौकोन असतो, त्यावर टिक हवी. फायरफॉक्स नवीन टाकल्यावर वाइडवाइन मागाहून गुपचूप उतरतं, तेवढा वेळ त्याला द्या.

मग क्रोमचं कुलूपच तपासा. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, विसर्गासारखी दोन टिंबं, दोन तिरप्या रेघा आणि कंपोनंट्स असं टाइप करा. लांबलचक यादी येईल. तीत 'वाइडवाइन कंटेंट डिक्रिप्शन मॉड्यूल' शोधा, खालचं 'चेक फॉर अपडेट' दाबा आणि क्रोम पूर्ण बंद करून उघडा. व्हर्जनच्या जागी शून्यं दिसत असतील तर ते मॉड्यूल कधी उतरलंच नाही. अशा वेळी बहुधा अँटिव्हायरस किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरची बंधनं आडवी आलेली असतात. कंपनीच्या लॅपटॉपवर हिंजवडीत बसून सिनेमा का लागत नाही हे विचारायला येणाऱ्यांना मी हात जोडतो. ते कुलूप मी उघडू शकत नाही.

आवाज आहे, चित्र काळं किंवा हिरवट आहे आणि बाहेरचा पडदा जोडलेला नाही? मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच नवीन घ्या. ताबडतोब बघायचं असेल तर ब्राउझरच्या सिस्टिम विभागातलं 'ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन' बंद करून बघा. मात्र काही साइट त्यामुळे दर्जा खाली आणतात, म्हणून ड्रायव्हर नीट झाला की परत चालू करा.

रिफर्बिश्ड लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघायचं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाऊट इथे विंडोजच्या नावापुढे 'एन' हे अक्षर आहे का? युरोपसाठीच्या त्या आवृत्तीत व्हिडिओचे भाग काढून टाकलेले असतात. ऑप्शनल फीचर्समधून 'मीडिया फीचर पॅक' टाका, रीस्टार्ट करा. सहा महिने हैराण झालेली मुलगी या एका पॅकने दहा मिनिटांत मोकळी झालेली मी पाहिली आहे. लिनक्सवाल्यांसाठी एकच ओळ: क्रोमियममध्ये सहसा वाइडवाइन नसतं, गूगल क्रोम किंवा फायरफॉक्स वापरा.

या सगळ्यानंतरही नाही तर त्या एकाच साइटचा डेटा पुसा. सगळा ब्राउझर नव्हे.

फोन

अँड्रॉइडवर क्लासची अ‍ॅप फार संशयी असतात. डेव्हलपर ऑप्शन्स किंवा यूएसबी डीबगिंग चालू असेल तर कित्येक अ‍ॅप उघडायलाच नकार देतात. अ‍ॅनिमेशन जलद करायचा कुठला तरी व्हिडिओ बघून ते चालू केलेलं असतं आणि मालक विसरलेला असतो. बंद करा. स्क्रीन रेकॉर्डर, वर तरंगणारे बुडबुडे दाखवणारी अ‍ॅप, डोळ्यांसाठी पडदा पिवळा करणारी अ‍ॅप, तीही बंद. मग प्ले स्टोअरवरून क्रोम, अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू आणि क्लासचं अ‍ॅप अपडेट करा. हे वेबव्ह्यू कुणाच्या गावीही नसतं, पण बऱ्याच अ‍ॅपच्या आतला ब्राउझर तोच असतो. मार्च २०२१ मध्ये त्याची एक आवृत्ती बिघडली तेव्हा जगभर फोनवरची अ‍ॅप उघडता उघडता मिटत होती.

आता धुरकट चित्राची गोष्ट. वाइडवाइनच्या पातळ्या आहेत. एल१ म्हणजे कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित खोलीत उघडतं. एल३ म्हणजे सगळं सॉफ्टवेअरमध्येच. एल३ वर बहुतेक मोठ्या सेवा एचडी देत नाहीत, ४८०पीच्या आसपास थांबवतात. प्ले स्टोअरवर 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात 'सिक्युरिटी लेव्हल' वाचा. फोन रूट केला, बूटलोडर उघडला किंवा वेगळा रॉम टाकला, थोडक्यात कंपनीच्या मूळ सिस्टिमशी छेडछाड केली, की एल१ जाऊन एल३ येणं नेहमीचं. फोनला हातही न लावता एल३ असेल तर तो कंपनीनेच तसा विकलेला असू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या पोको एफ१ला सुरुवातीला एल१ नव्हतं, २०१९ मध्ये अपडेटने मिळालं. म्हणून आधी सिस्टिम अपडेट बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये, अबाऊटखाली 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असं दिसतंय का तेही बघा. नसेल तर सेकंड हँड फोन विकणाऱ्याने काहीतरी उद्योग केलेला आहे.

एक मोठा इशारा. क्लासचा मदत क्रमांक गूगलवर शोधून फोन लावू नका, तो अ‍ॅपमधून किंवा पावतीवरून घ्या. समोरचा 'एनीडेस्क टाका, मी बघतो' म्हणाला तर फोन ठेवा. त्या अ‍ॅपमधून त्याला लांबून तुमचा पडदा दिसतो. संरक्षित व्हिडिओ रिमोटवर बहुतेक काळाच दिसतो, तो बघणार काय? त्याला तुमचं बँकेचं अ‍ॅप बघायचं असतं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

आवाज येतोय, चित्र नाही

सहकारनगरच्या एक काकू फोन, केबल आणि टीव्हीचा फोटो घेऊन आल्या होत्या. नातवंडांसाठी सिनेमा विकत घेतला, फोन टीव्हीला जोडला, फोनचं सगळं टीव्हीवर दिसतं, घरचे फोटोही दिसतात, सिनेमा लावला की काळोख.

"अहो, पण आवाज येतोय. म्हणजे पैसे नाही ना गेले?"

"पैसे नाही गेले काकू. केबल गेली."

"नवीच आहे हो! तुळशीबागेतून आणली."

केबल खरंच नवी होती आणि फोटो दाखवायला उत्तम होती. अडचण एचडीसीपीची. एचडीएमआयच्या वाटेवर यंत्र आणि पडदा एकमेकांची ओळख पटवून घेतात. वाटेतल्या एकाही कडीने ओळख दिली नाही तर यंत्र चित्र सोडत नाही, किंवा दर्जा उतरवतं. ४केसाठी सहसा एचडीसीपी २.२ लागतं. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये ही ओळख नसते. व्हीजीए केबलमध्ये तर ती असूच शकत नाही, त्यामुळे जुन्या प्रोजेक्टरला कन्व्हर्टर लावून रडण्यात अर्थ नाही.

तपासायचं असं. मधलं सगळं काढा: स्प्लिटर, स्विच, साउंडबार, एक्स्टेन्शन. लॅपटॉप किंवा टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक सरळ टीव्हीच्या पोर्टमध्ये. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर असेल तर तो उपटा, कारण एक जरी जुना पडदा जोडलेला असला तरी काही सेवा सगळीकडेच दर्जा उतरवतात. टीव्ही जुना ४के असेल तर मागचे पोर्ट निरखून बघा, काहींमध्ये एकाच पोर्टला २.२ असतं आणि तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. टीव्ही आणि स्टिक दोन्हींची पॉवर भिंतीवरून बंद करून मिनिटभराने लावा, म्हणजे ओळखपाळख नव्याने होते. यूएसबीला जोडून मॉनिटर चालवणारी डॉक मॅकवर असेल तर तिथे चित्र काळंच राहणार, कारण ती मुळात पडदा टिपूनच पुढे पाठवते. गूगल मीट किंवा झूमवर स्क्रीन शेअर करून मैत्रिणीला सिनेमा दाखवू म्हणाल तर तिला काळा चौकोन दिसतो, तोही बिघाड नाही.

काकूंचा टीव्ही स्मार्ट होता. केबल पिशवीत गेली, टीव्हीतल्या यूट्यूबवर त्यांच्याच खात्याने लॉगिन केलं, काम झालं. टीव्हीत अ‍ॅप असताना केबलचा सोस कशाला, हा माझा नेहमीचा प्रश्न.

डाउनलोड केलेली लेक्चर

दिवाळीला गावी जाताना मुलं पंधरा दिवसांची लेक्चर उतरवून घेतात आणि वाकडेवाडीहून एसटी सुटल्यावर त्यांना कळतं की एकही उघडत नाही. डाउनलोड झालेली फाइल म्हणजे ट्रंकच, किल्लीची मुदत वेगळी चालू असते. निघण्याच्या आदल्या रात्री नेटवर असताना प्रत्येक लेक्चर एकदा उघडा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून पुन्हा उघडा. तिथे चाललं तर एसटीत चालेल. एसडी कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून ही लेक्चर चालत नाहीत. आणि अ‍ॅपचा 'क्लिअर डेटा' दाबला की किल्ल्याही गेल्या, सगळं पुन्हा उतरवा. 'क्लिअर कॅश' बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटून असतात, अंगठा जपून.

फॉरमॅट टळणारच नसेल, हार्ड डिस्क मेली असेल, लॅपटॉप विकायचा असेल, तर आधी अ‍ॅपमध्ये जाऊन जुनं डिव्हाइस काढून टाका किंवा विक्रेत्याला मेल करून मोकळं करून घ्या. नंतर हेच काम दहापट लांबतं.

विक्रेता दाद देत नसेल तर

टेलिग्रामवर त्याच कोर्सच्या 'कुलूप तोडलेल्या' प्रती आणि तोडायची सॉफ्टवेअर फिरत असतात. पैसे भरले आहेत म्हणून तो हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शिवाय असल्या सॉफ्टवेअरने भरलेले लॅपटॉप शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

कायदा तुमच्याही बाजूने आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत डिजिटल उत्पादनंही येतात. तक्रार अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. त्याने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यात तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची.

पण तिथवर सहसा जावं लागत नाही. मेल नीट लिहिला तर पुरतं. 'व्हिडिओ चालत नाही, लवकर करा' असं चार उद्गारचिन्हांसह लिहिलेल्या मेलला उत्तरही तसंच ठोकळेबाज येतं. मी मुलांना असं लिहायला सांगतो:

"माझा ऑर्डर क्रमांक अमुक, खातं अमुक. तमुक लेक्चर आज सकाळी ९:४० ला लावलं असता सोबतच्या फोटोतला एरर आला. लॅपटॉप विंडोज ११, क्रोमची आवृत्ती अमुक, घड्याळ बरोबर आहे. हॉटस्पॉटवर आणि इनकॉग्निटोमध्येही हाच एरर. याच लॅपटॉपवर दुसरा संरक्षित व्हिडिओ चालतो. विंडोज नव्याने टाकल्यामुळे जुनं डिव्हाइस यादीत अडकलं आहे, ते काढून द्यावं आणि बंद राहिलेल्या दिवसांची मुदत वाढवून मिळावी."

वाचणाऱ्याला पुढचे पाच प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. जालन्याच्या मुलाचा मेल आम्ही माझ्याच दुकानात बसून असा लिहिला. चौथ्या दिवशी डिव्हाइस मोकळं झालं. मुदत मात्र त्यांनी वाढवून दिली नाही. मी त्याच्याकडून फक्त सेलचे पैसे घेतले.